नानांच्या डोळ्याचे थेंब

६ जानेवारी

समुपदेशक मॅडम म्हणाल्या होत्या, रोज ठरलेल्या वेळी दहा ओळी लिहायच्या. वही ऑगस्टमध्ये घेतली. आज सापडली, इस्त्रीच्या कपड्यांच्या गाठोड्यात. म्हणजे सुरुवात माझ्या मानाने चांगलीच आहे.

लिहायला कारणही आहे. धुळ्याहून ललितदादाचा फोन आला. नानांसाठी बुबुळ मिळालं, उद्या ऑपरेशन. पावसाळ्यात पहूरच्या शेतात कपाशीचं काटूक, बारीकशी काडी, नानांच्या डोळ्यात गेलं, त्यात बुरशी झाली आणि बुबुळ पांढरंफटक पडलं. दुसरा डोळा लहानपणीच गोवरात गेलेला. म्हणजे आहे तो हा एकच.

"ऑपरेशननंतर दर दोन तासांनी थेंब टाकावे लागतात," दादा म्हणाला. "आम्ही दोघं नोकरीला जातो. नाना तुझ्याकडे राहतील."

मी विचारलं, "दादा, आपण कोणाशी बोलतोय ते कळतंय ना तुला?"

"कळतंय. मी तर नाहीच म्हणत होतो. पण जाऊ दे."

फोन ठेवला त्याने. स्वतःची अडचण माझ्या गळ्यात बांधायची आणि वर "मी नाहीच म्हणत होतो".

८ जानेवारी

ऑपरेशन नीट झालं. मी जाणार होते. सकाळची बस चुकली. दुसरी मिळाली असती, पण स्टँडवर बसल्याबसल्या फोनवर केळीच्या खोडापासून धागा कसा काढतात ते बघत राहिले आणि तीही समोरून गेली.

हे मला वयाच्या सदतिसाव्या वर्षी होतंय. गेल्या जुलैत इथल्याच, जळगावच्या एका मनोविकारतज्ज्ञांनी सांगितलं की तुम्हाला एडीएचडी आहे, लहानपणापासून असणार. दोन दिवस इतकं हलकं वाटलं. तिसऱ्या दिवशी औषधाची चिठ्ठी हरवली, पुन्हा लिहून घ्यावी लागली.

घरात कोणाला सांगितलेलं नाही. नानांना वाटतं, मी थायरॉईडची गोळी घेते. नवऱ्याला सांगायचा प्रश्नच नाही, तो सहा वर्षांपूर्वीच गेला. मेला नाही, वेगळा झाला. तो म्हणायचा, तुझ्यासोबत राहणं म्हणजे उघड्या नळासोबत राहणं. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, शोधून शोधून बरोबर शब्द काढला होता मेल्याने.

१२ जानेवारी

दादा नानांना गाडीने पिंप्राळ्याला माझ्याकडे सोडून गेला. थेंबांचं वेळापत्रक त्याने स्वतः फ्रिजवर चिकटवलं आणि माझ्या फोनमध्ये गजर लावून दिले. निघताना चपला घालत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मयुरी, एकच डोळा आहे त्यांचा."

जसं काही मला बाकीचे तीन कुठे आहेत ते विचारायचं होतं.

नाना पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर. डोळ्यावर प्लास्टिकची वाटी, उशाशी रेडिओ. रेडिओ एवढा हळू लावतात की मला शब्द कळत नाहीत, नुसती कुरकुर ऐकू येते. मी मागच्या खोलीत, कॉम्प्युटरपाशी. लग्नाचे व्हिडिओ जोडायचं माझं काम घरूनच चालतं, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की मी रिकामीच असते.

१५ जानेवारी

गजराचा काही उपयोग नाही. गजर वाजतो, माझा अंगठा तो बंद करतो, आणि अंगठा मला काही सांगत नाही.

त्यात नानांचं सुरू झालंय. कामात जरा डोकं लागलं की, "मयुरी, वं मयुरी, मले पानी दे." पाणी देऊन येते. पुन्हा जरा काम झालं की, "पंखा कमी कर." हिवाळ्यात पंखा लावायला कोणी सांगितलं होतं? स्वतःच लावायला लावला. मग, "बाहेर कोन वरडू राह्यलं पाह्य." कोणी ओरडत नव्हतं, भंगारवाला होता.

एक मात्र आहे. उठून त्यांच्यापाशी गेलं की टेबलावरच्या बाटल्या दिसतात, आणि बघितलं तर थेंबांची वेळ झालेलीच असते. टाकून टाकते. आजचा एकही चुकला नाही.

१९ जानेवारी

आठवडा झाला. एकही थेंब चुकलेला नाही. पुन्हा लिहिते: एकही नाही. मी.

गजर तर मी काढूनच टाकले. शरीरात घड्याळ तयार झालंय बहुतेक. नानांनी हाक मारली म्हणून चिडून उठते आणि आपोआप वेळ जुळलेली असते. गोळीचा परिणाम असेल. दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बरं. पुढचंही बघ." शाबासकी द्यायला ह्याच्या खिशातून काय जातं?

२० जानेवारी

नानांनी आज भरीत मागितलं. वांगी गॅसवर भाजत ठेवली आणि एका क्लायंटचा फोन आला. वांग्यांचा कोळसा झाला. नानांनी नाक वर करून वास घेतला आणि म्हणाले, "भाकर अन् ठेचा बी चालते मले."

मीच चिडले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

२३ जानेवारी

धरणगावच्या भाईदास महाजनांचा फोन. त्यांच्या मुलीचं लग्न गेल्या मे महिन्यात झालं. व्हिडिओ अजून माझ्याकडे.

"ताई, रागावू नका," ते म्हणाले, "पन पोरीले आता सातवा लागला. डोहायजेवनाचा व्हिडिओ काढनारा पोऱ्या बी ठरला. लग्नाचा येईन का त्याच्या आधी?"

इतक्या सभ्यपणे बोलतात की मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी म्हटलं, आठ दिवसांत. हेच मी गणपतीतही म्हटलं होतं. ते काम अवघड नाही, मुळीच नाही. सुरुवात कुठून करायची ते सुचत नाही, आणि जितका उशीर होतो तितकी ती फाईल उघडायची भीती वाटते. हे लोकांना सांगून बघा. म्हणतात, मग उघड ना फाईल.

२७ जानेवारी

समुपदेशक मॅडमना थेंबांचं सांगितलं. खूश झाल्या. विचारलं, "नेमकं काय केल्याने जमलं?" मी म्हटलं, "जबाबदारी पडली की माणूस सुधारतो." हे बोलताना मला माझाच अभिमान वाटला. परतताना स्कूटरची चावी त्यांच्याच टेबलावर राहिली, ते सोडा.

नानांच्या हाका मात्र वाढल्यात. आज विचारलं, तुरीला फूल आलं असेल का. जानेवारीच्या शेवटी, तूर कापायच्या वेळी! जन्मभर शेती केलेल्या माणसाने. मला तर त्यांच्या डोक्याचीच काळजी वाटायला लागलीय.

३० जानेवारी

काय लिहू.

काल रात्रीपासून नानांना सर्दी-ताप होता. सकाळी गोळी दिली, पेज दिली, सातचे थेंब टाकले. ते झोपले. घर शांत. मी म्हटलं, आज बघूच, आणि भाईदासभाऊंची फाईल उघडली.

सुरुवात सापडली. हळदीच्या गर्दीत नवरीची आजी एकटी कोपऱ्यात बसून, कोणी बघत नाहीय असं समजून, हळूच ताल धरते. मे महिन्यापासून ते माझ्यासमोर होतं आणि दिसलं नव्हतं. तिथून पुढे हात थांबलाच नाही. जेवले नाही, पाणी प्यायले नाही. असं वर्षातून एक-दोनदाच होतं. संपूर्ण व्हिडिओ पुरा करून मान वर केली तर खोलीत अंधार. दिवे लागायची वेळ होऊन गेलेली.

पुढच्या खोलीत गेले. नाना जागे झाले होते, पलंगावर उठून बसले होते. वाटी काढली. डोळा लालभडक.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

त्यांनी उशाशी हात नेऊन रेडिओ चाचपला. मग म्हणाले, "मी झोपलो वं."

दादाला फोन केला. त्याने डॉक्टरांना विचारलं. लगेच थेंब सुरू करा, सकाळी घेऊन या. एवढ्यावरच फोन ठेवला.

३१ जानेवारी, धुळे

डॉक्टर बाईंनी यंत्रातून पाहिलं. बुबुळाला सूज आहे. शरीर ते परकं समजून नाकारायला लागण्याची सुरुवात असू शकते. आता थेंब तासातासाने, चार-पाच दिवसांनी कळेल. मी विचारलं, एका दिवसामुळे झालं का? त्या म्हणाल्या, "तसं नक्की नाही सांगता येणार, ताप-सर्दीनेही होतं. पण थेंब चुकायला नको होते."

नाना मध्येच बोलले, "डॉक्टरीनबाई, चूक माही हाये. मी झोपलो."

ताप आलेला माणूस झोपणार नाही तर काय करणार? मला वाचवायचं म्हणून काहीही बोलतात. उलट जास्तच लागलं ते मला.

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "तुला एक काम दिलं होतं. एक." नानांना त्याने घरी ठेवून घेतलं. मेघावहिनीने सुट्टी टाकली. मी एकटी बसने परत आले. खिडकीबाहेर पारोळा कधी गेलं ते कळलं नाही.

२ फेब्रुवारी

भाईदासभाऊंना व्हिडिओ पाठवला होता. त्यांचा फोन आला. ती आजी दिवाळीत वारली म्हणे. "आमच्या घरात कोनालेच माहीत नव्हतं, मायले नाचगान्याची हौस होती म्हनून," ते म्हणाले. "ताई, उशीर झाला ते बठ्ठं विसरलो."

आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम मी ज्या दिवशी केलं त्याच दिवशी बापाचा डोळा घालवायला निघाले होते. मला हे दोन वेगवेगळ्या दिवशी का नाही जमत?

घर शांत आहे. कोणी हाक मारत नाही. तरी काम होत नाही. काल दुपारी जेवलेच नव्हते हे आज सकाळी कळलं.

४ फेब्रुवारी

वहिनीचा फोन. सूज उतरतेय.

वहिनी चांगल्या मूडमध्ये होती. "नानांचं काहीच करावं लागत नाही गं," म्हणाली. "मी वेळ झाली की थेंब टाकते, बाकी दिवसभर आवाज नाही. इतका शांत माणूस. पाणीसुद्धा मागत नाहीत, तांब्या हाताशी ठेवलाय, स्वतः घेतात. तुला उगाच त्रास झाला असं वाटत होतं त्यांना."

मी म्हटलं, "पंखा?"

"कसला पंखा?"

"बाहेर कोण ओरडतंय, असं विचारत नाहीत?"

"नाही. का गं?"

फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात गेले. फ्रिजवर दादाचं वेळापत्रक अजून तसंच होतं. पाणी, पंखा, भंगारवाला, तूर. आठवतील तेवढ्या हाका त्या वेळांशी लावून बघितल्या. सगळ्या जुळल्या.

मला रडू आलं नाही. संताप आला.

५ फेब्रुवारी, धुळे

पहिल्या बसने गेले. चुकली नाही, संतापात माझी बस चुकत नाही. नाना गॅलरीत उन्हात बसले होते, काळा चष्मा लावून.

"नाना, वहिनीला तुम्ही एकदाही हाक मारली नाही."

"तिले काहून मारू? ती येते ना येयवर."

"म्हणजे मला मुद्दाम हाका मारत होता. बरोबर थेंबांच्या वेळी. तुम्हाला वेळ कशी कळायची?"

"रेडिओ सांगे."

"मग सरळ म्हणायचं ना, मयुरी, थेंब टाक."

नाना जरा हसले. "पयल्या दिवशी तेच म्हननार होतो. आधी पानी मांगलं. तू आली, पानी देलं, अन् आपल्या मनानं थेंब बी टाकले. तुले इतकं बरं वाटलं. ललितले फोन करून सांगे तू. म्हटलं, चालू दे."

"म्हणजे मी काहीच केलं नव्हतं. मी गावभर सांगत फिरले, मला जमलं. हसत असाल तुम्ही."

"टाकले कोनं?" नाना म्हणाले. "मी टाकले काय? मले तर दिसत नव्हतं."

"आठवण तर तुमची होती ना."

"आठवनीनं डोया बरा व्हतो काय? थेंबानं व्हतो." मग जरा थांबून म्हणाले, "मी बसेलच होतो वं. मले दुसरं काय काम होतं?"

मला भांडायचं होतं. अजूनही भांडायचं आहे. पण बसेलच होतो म्हणणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं? ताप आला त्या दिवशी तेवढा त्यांचा डोळा लागला, आणि ते डॉक्टरांपुढे माफी मागत होते. खरीखुरी.

तेवढ्यात दादा बँकेतून जेवायला आला. मला बघून त्याच्या कपाळावर आठी आली. मी म्हटलं, आता सगळंच होऊन जाऊ दे. सांगितलं. आजाराचं नाव, डॉक्टर, गोळ्या, जुलैपासूनचं सगळं.

दादा म्हणाला, "हल्ली सगळ्यांचं तसंच झालंय, मयुरी. मोबाईलमुळे."

"चौथीत माझं दप्तर शाळेत राहायचं आणि तू परत जाऊन आणायचास. तेव्हा कोणता मोबाईल होता?"

तो ताटातली पोळी तोडत राहिला. मग म्हणाला, "मला वाटायचं तू आळशी आहेस." थोड्या वेळाने, "म्हणजे लहानपणापासून वाटायचं." माफी वगैरे काही नाही. पण उठताना माझ्या ताटात भाजी वाढून गेला, मी मागितली नसताना.

७ फेब्रुवारी, धुळे

डॉक्टर म्हणाल्या, धोका टळल्यासारखा आहे, थेंब पुन्हा दोन तासांनी. नानांनी लगेच जाहीर केलं, "मी जयगावले जातो."

दादा म्हणाला, "नाना, पुन्हा?"

"पुन्हा."

वहिनी डबा भरता भरता मला म्हणाली, "आधीही त्यांनीच हट्ट धरला होता, मयुरीकडेच राहीन म्हणून. हे किती भांडले त्यांच्याशी. तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं. गाडीत नानांना विचारलं, का? म्हणाले, "तुह्याकडे हवा चांगली लागते." पिंप्राळ्यात! नाल्यावरच्या गल्लीत! सरळ उत्तर द्यायचं नाही असं ठरवूनच जन्माला आलाय हा माणूस.

१० फेब्रुवारी

मी अट घातलीय. पाणी नाही, पंखा नाही. वेळ झाली की सरळ "थेंब" म्हणायचं. फसवायचं नाही.

आता नाना "थेंऽब" अशी हाक देतात की अख्ख्या गल्लीला ऐकू जाते. शेजारच्या सुंदरबाई आज ओट्यावरून विचारत होत्या, तुमच्याकडे गळतंय का काही.

शिवाय मी कॉम्प्युटर पुढच्या खोलीत आणला, त्यांच्या पलंगाशेजारी. म्हणजे ते झोपलेच तर मला ते दिसतील, आणि टेबलावरच्या बाटल्याही. त्याचा तोटा असा की दिवसभर त्यांना लग्नं ऐकावी लागतात. एकच गाणं चाळीस वेळा मागे-पुढे केलं की ते उशी कानावर घेतात. "ह्या नवरदेवाचा मामा लय बोलते," म्हणाले आज. "काप त्याले." कापला. खरंच जास्त बोलत होता.

१८ फेब्रुवारी

आज दोघांनाही डुलकी लागली. दुपारचे थेंब अर्धा तास उशिरा पडले. जाग आल्यावर एकमेकांवर ओरडलो. डोळा ठीक आहे. दादाला सांगितलं नाही. नाना म्हणाले, त्याले काहून ताप द्यायचा.

३ मार्च

धुळ्याला तपासणी. बुबुळ स्वच्छ आहे. नानांनी भिंतीवरची अक्षरं चार ओळींपर्यंत वाचली. पाचवी ओळ अंदाजे ठोकून दिली आणि ती चुकली, तर डॉक्टर बाईंनाच म्हणाले, छपाई बारीक हाये. टाके काढायला अजून वेळ लागेल, थेंब वर्षभर चालतील, पण आता दिवसातून चारदाच. दादाने बाहेर येऊन रुमालाने चष्मा पुसला, फार वेळ पुसला.

पहूरला पुढच्या आठवड्यात जायचं म्हणतात नाना. केळी दुसऱ्यांच्या भरवशावर आहे. माझी कटकट संपेल. मी तसं म्हटलंही.

४ मार्च

आता त्यांना दिसायला लागल्याचा पहिला त्रास. सकाळपासून घरभर हिंडून सगळं बघत होते. जाळी, नळ, चिकटपट्टीने जोडलेला स्विचबोर्ड. कॉम्प्युटरपाशी येऊन थांबले आणि गोळ्यांची पट्टी उचलली. डोळ्याजवळ नेऊन, लांब धरून, वाचून बघितली.

"ह्या त्याच्याच गोया? ललितले सांगितलं ते."

"हो."

"थायरॉईडच्या नाही."

"नाही."

पट्टी उलटसुलट केली. "रोज घ्याच्या राहतात?"

"रोज."

"आज घेतली?"

मला आठवावं लागलं. घेतली नव्हती. कालचीही नसावी. परवाचं सांगता येत नव्हतं.

मी वाट बघत होते की आता काहीतरी बोलतील. त्यांनी पट्टी होती तिथेच, होती तशीच ठेवली.

"सकायी किती वाजता घ्याची असते?"

"नाश्ता झाल्यावर."

"नाश्ता किती वाजता करते?"

"कधी नऊ, कधी बारा."

"मग आठ," ते म्हणाले. "आठले मी फोन लावत जाईन. उचलजो."